मचाणावरचे चार गेम, अन् एक दिवाळीतला

दसरा झाला की आमच्याकडे जागल सुरू होते. कपाशी फुटलेली असते, तूर फुलावर येते, पुढे हरभरा कोवळा असतो, अन् नाल्याकडून रानडुकरं येतात. रोही, म्हणजे नीलगायी, तर दिवसाढवळ्याही येतात. आमचं वावर यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात, टिपेश्वरच्या जंगलापासून फार लांब नाही. साडेचार एकर. तीन बाजूंनी धुऱ्याला जुन्या साड्या बांधल्या आहेत, नाल्याच्या बाजूनं झटका मशीनची तार आहे, तरी माणूस लागतोच. बाबा आता पासष्टच्या वर गेले, त्यांना रात्री पाठवत नाही. मचाणावर मी असतो. सोबत घोंगडी, बॅटरी, वाजवायला पत्र्याचा डबा, पाण्याची कॅन, पॉवर बँक अन् फोन.

या हंगामात मचाणावर चार गेम पुरे झाले. पाचवा दिवाळीत, चुलतभावाच्या कॉम्प्युटरवर. जे हे खेळले आहेत त्यांच्याशी बोलायचं आहे म्हणून लिहितो आहे, त्यामुळे शेवटही सांगणार. ज्यांना स्वतः खेळायचे आहेत त्यांनी त्या त्या गेमचा भाग सोडून पुढं जावं.

आधी माझ्या खेळण्याच्या अटी सांगतो, कारण माझी मतं त्यातूनच आलेली आहेत. वावरात रेंज नाही, म्हणजे नेटशिवाय चालणारेच गेम. कानात हेडफोन घालता येत नाही, कारण डुक्कर आधी ऐकू येतं अन् मग दिसतं. आधी तुरीत खसखस, मग मुळं उकरल्याचा आवाज. म्हणून गेमचा आवाज बंद. उजेड अगदी कमी, नाही तर मान वर केल्यावर बराच वेळ काहीच दिसत नाही. अन् गेम कधीही हातातून खाली ठेवता आला पाहिजे. दर अर्ध्या-पाऊण तासानं मी उतरतो अन् धुऱ्याधुऱ्यानं फेरी मारतो. फेरीत फोन खिशात असतो, हातात बॅटरी. गेम मला आवडला की नाही ते या फेरीत कळतं. काही गेम मचाणावरच राहतात, काही सोबत उतरतात.

स्टारड्यू व्हॅली मी मागच्या वर्षी धरला अन् सोडला होता. या वर्षी पुन्हा धरला तेव्हा बायको म्हणाली, "वावरातून आले अन् पुन्हा वावरातच चालले काय?" तिला तेव्हा धड उत्तर देता आलं नाही. आता देता येईल असं वाटतं.

हा गेम एरिक बॅरोन नावाच्या एका माणसानं एकट्यानं केला. चित्रं, संगीत, प्रोग्रॅमिंग, गावातल्या लोकांचे संवाद, सगळं त्याचंच. साडेचार वर्षं लागली. त्या काळात तो सिएटलमधल्या एका थिएटरात प्रेक्षकांना जागा दाखवायचं काम करायचा. फेब्रुवारी २०१६ मध्ये कॉम्प्युटरवर आला, फोनवर नंतर. एकाच माणसाचा हात फिरलेलं वावर तासांवरूनच, म्हणजे पिकाच्या ओळींवरूनच, ओळखू येतं, तसंच इथं आहे. कुठेही गेलात तरी त्याच एका माणसाचं लक्ष जाणवतं.

आजोबा जातात, जाताना पत्र देतात, अन् नातू शहरातली नोकरी सोडून त्यांच्या पडीक जमिनीवर येतो. हाती पाचशेची रक्कम अन् पार्सनिपच्या पंधरा बिया. पार्सनिप म्हणजे गाजरासारखं एक पांढरं कंद. अठ्ठावीस दिवसांचा एक ऋतू, चार ऋतूंचं वर्ष. ऋतू बदलला की जुन्या ऋतूचं पीक एका रात्रीत वाळतं. हे मला माहीत होतं, तरी पहिल्या वसंतात अठरा तारखेला मी फुलकोबी लावली. फुलकोबीला बारा दिवस लागतात. अठरा अन् बारा तीस, अन् महिना अठ्ठावीसचा. उन्हाळ्याच्या पहिल्या सकाळी अख्खा वाफा वाळून पडला होता. बियांमध्ये होता नव्हता तो पैसा गेला. त्या रात्री फेरीत मी हाच हिशेब करत होतो, अन् करता करता आमच्या उशिरा पेरलेल्या सोयाबीनचा हिशेब कधी सुरू झाला ते कळलं नाही. पेरणीची तारीख हीच अर्धी शेती आहे, हे या गेमला पक्कं माहीत आहे.

बुजगावण्याचं मात्र त्याला फार थोडं माहीत आहे. तिथं शत्रू म्हणजे कावळा. तो येतो, एखादं रोप खातो, अन् बुजगावणं उभं केलं की तेवढ्या भागात फिरकतच नाही. पन्नास लाकडं, थोडं तंतू, एक कोळसा, एवढ्यात पीक राखलं जातं. ज्या रात्री मी ते पहिलं बुजगावणं उभं केलं, त्याच रात्री डुकरांनी साड्यांच्या खालून येऊन तुरीची दोन तासं झोपवली. मी डबा वाजवत खाली पळालो, तेव्हा फोन मचाणावर तसाच चालू राहिला होता. परत आलो तर तिकडे सकाळ होऊन दुपार झाली होती अन् माझा माणूस जागच्या जागी उभा होता.

एका सकाळी घरी अंगणात चहा पिता पिता खेळत होतो. बाबा मागून येऊन उभे राहिले. बराच वेळ बघत होते. मग विचारलं,

"कायचं पीक व्हय हे?"

"पार्सनिप."

"काय भाव जाते?"

"पस्तीस."

"मांगच्या साली?"

"पस्तीसच."

"अन् पुढच्या साली?"

"पुढंही पस्तीस, बाबा."

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. म्हणाले, "मंग तं मानूस हिशेब करू शकते." अन् बैलांकडे गेले.

मी या गेमवर इंटरनेटवर पुष्कळ वाचलं आहे. त्याची मासेमारी, त्यातली लग्नं, खाण. पण बाबांनी जे दोन मिनिटांत धरलं ते कुठं वाचलं नाही. स्टारड्यूमध्ये भाव हलत नाही. आलूचं बी पन्नासला, आलू ऐंशीला, पहिल्या वर्षी अन् दहाव्या वर्षीही. भोपळा तीनशे वीस. तुम्ही पन्नास भोपळे आणा की पाच हजार, दुकानदार पडेल भाव देत नाही. उद्या पाऊस येणार हे टीव्ही सांगतो अन् उद्या पाऊस येतो.

अन् दर्जाचं बघा. पीक चांगलं निघालं तर त्यावर चांदीचा तारा येतो, सव्वापट भाव. सोन्याचा तारा, दीडपट. तारा नसेल तर मूळ भाव ठरलेलाच, त्याच्या खाली कोणी जात नाही. म्हणजे त्या जगात प्रत भाव वाढवायला असते. आमच्याकडे प्रत भाव कापायला असते. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८११० रुपये क्विंटल. पण ओलावा आठ टक्क्यांच्या वर गेला की कपात सुरू, बाराच्या वर गेला की सरकारी खरेदीत माल घेतच नाहीत. या वर्षी दिवाळीपर्यंत पाऊस रेंगाळला, पहिल्या वेचणीचा कापूस ओलाच आला. सीतादही करून, दहीभात वावरात ठेवून वेचायला सुरुवात केली होती. तोच कापूस खेड्यावर आलेल्या व्यापाऱ्यानं सहा हजार आठशेला मागितला. मी अर्धा दिला, कारण वेचाईचे पैसे बायांना त्याच आठवड्यात द्यायचे होते. अर्धा घरात पसरवून ठेवला.

म्हणून बायकोला उत्तर असं: वावरातून मी वावरात जातो हे खरं, पण तिकडच्या वावरात मेहनतीला पुढचा दिवस माहीत असतो. त्यासाठी जातो. हे पळून जाणं आहे असं कोणी म्हणेल तर मी भांडणार नाही, पण मला ते तसं वाटत नाही. भाव ठरलेला असेल तर शेती कशी वाटते, ते मी पहिल्यांदा त्या गेममध्ये अनुभवलं. चांगली वाटते. खूप चांगली वाटते.

स्टारड्यूतलं आणखी एक सांगायचं आहे. त्या गावात शेन नावाचा एक माणूस आहे. मोठ्या कंपनीच्या दुकानात माल लावायचं काम करतो, पितो, कोणाशी नीट बोलत नाही. त्याच्याशी ओळख वाढली की एका पावसाच्या दिवशी तो जंगलात कड्याच्या टोकाशी पडलेला सापडतो. भोवती रिकामे डबे. तो म्हणतो की आपण इथून खाली लोटून का देऊ नये स्वतःला, अन् गेम तुम्हाला त्याला काय म्हणायचं ते निवडायला लावतो. आमच्या जिल्ह्याचं नाव वीस-पंचवीस वर्षं पेपरात कशासाठी येत आलं ते वाचणाऱ्यांना माहीत आहे. आमच्या गल्लीतही एक घर आहे. त्या घरच्या माणसाशी मी आदल्या आठवड्यात पानठेल्यावर बोललो होतो, पावसाबद्दल. त्याला काय म्हणायला पाहिजे होतं याचे पर्याय मला कोणी दाखवले नव्हते. मी शेनला म्हटलं की मी आहे. मग फोन बंद केला, फेरीची वेळ झाली नव्हती तरी उतरलो, अन् दोन फेऱ्या मारल्या. पुढे शेन डॉक्टरच्या सांगण्यावरून शहरात समुपदेशकाकडे जायला तयार होतो. लगेच सुधारतो असं नाही, घसरतोही. पण राहतो. एका एकट्या माणसानं बनवलेल्या, कोंबड्या पाळायच्या गेममध्ये हे आहे, याबद्दल मी त्या माणसाचा ऋणी आहे.

तिसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला आजोबा येऊन तुमच्या कामाची पारख करतात अन् मेणबत्त्या पेटतात. जास्तीत जास्त चार. माझ्या तीन पेटल्या. या गेमला तसा शेवट नाही, मी तिथं माझ्यापुरता शेवट मानला. माझ्या मुलीनं, ती दुसरीत आहे, मानला नाही. तिची मंगला नावाची कोंबडी तिथं आहे, तिला रोज कुरवाळावं लागतं.

लिंबो दोन रात्रींत झाला. डेन्मार्कच्या प्लेडेड कंपनीचा, २०१० चा. काळ्या-करड्या जंगलात एक लहान मुलगा बहिणीला शोधतो आहे. एक शब्द नाही. कोळ्याचा भाग सगळ्यांना आठवत असेलच, तो सापळा सरकवून कोळ्याच्या तंगडीखाली न्यायचा. चांगला गेम, पण तो आवाजाचा गेम आहे अन् मी आवाज बंद ठेवून खेळलो. ही चूक झाली. नंतर घरी दार लावून पुन्हा खेळलो तेव्हा कळलं की निम्मं काही माझ्याकडून सुटलं होतं. अन् दुसरं असं की मचाणावर बसून काळं जंगल बघण्यात फार अर्थ नाही, मान वर केली की तेच आहे. टिपेश्वरचा एक वाघ २०१९ मध्ये कॉलर लावलेल्या अवस्थेत शेकडो किलोमीटर चालत बुलढाण्याच्या ज्ञानगंगेपर्यंत गेला होता. तो कोणाकोणाच्या धुऱ्यावरून गेला असेल, हा विचार डोक्यात असलेल्या माणसाला फोनमधला कोळी फार घाबरवत नाही. लिंबो मचाणावरच राहिला.

दिवाळीत चुलतभाऊ पुण्याहून गावी आला, कॉम्प्युटर घेऊनच आला. त्यानं राजी दाखवला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० मध्ये काढलेला. राजी नावाची मुलगी, तिचा भाऊ गोलू असुरांनी नेलेला, हातात त्रिशूळ, अन् गोष्ट सांगतात दुर्गा अन् विष्णू. वाडे, झरोके, कमळांची तळी, इतकं देखणं की मी लढायचं सोडून बघतच राहायचो. लढाई मला तितकी जमली नाही, वार कधी लागला कधी नाही ते हाताला कळत नाही. अन् शेवट! शेवट असा तुटतो की आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. भजन रंगात आलं अन् लाईट गेली, असं वाटलं. पण चुलतभावानं सांगितलं की बनवणारी माणसं थोडी होती अन् पैशाची ओढाताण फार होती. मला राजीचा पुढचा भाग हवा आहे, अन् मी तो विकत घेईन. आपल्याकडे बनलेली एवढी सुंदर गोष्ट अर्धी राहू नये.

आता पेपर्स, प्लीज. यानं मला सगळ्यात जास्त त्रास दिला.

लुकस पोप या एका माणसाचा हा गेम, २०१३ चा, फोनवर २०२२ मध्ये आला. तुम्ही आर्स्टोट्स्का नावाच्या देशाच्या सीमेवर खिडकीत बसता. लॉटरीत नोकरी लागलेली आहे. साल १९८२. लोक एकेक करून येतात, पासपोर्ट सरकवतात, तुम्ही तपासता अन् हिरवा नाही तर लाल शिक्का मारता. दर माणसामागे पाच क्रेडिट. त्यातून भाडं, जेवण, घर गरम ठेवायचा खर्च, अन् घरात बायको, मुलगा, सासू, मामा. पैसे कमी पडले तर कोणाला तरी थंडी, कोणाला तरी उपास. रोज नवा नियम येतो: आज परवाना हवा, उद्या ओळखपत्र हवं, परवा अमक्या देशाच्या लोकांची झडती.

मी आयुष्यभर खिडकीच्या बाहेरच्या बाजूला उभा राहिलेला माणूस आहे. बाबांचं नाव सातबाऱ्यावर गुलाब आहे, आधारवर गुलाबराव. एका कार्यालयाच्या खिडकीवर या एका 'राव' पायी आमचं काम सात फेऱ्या अडलं. प्रत्येक वेळी घाटंजीला जायचं, रांगेत उभं राहायचं, अन् आतला माणूस कागद बघून न बघितल्यासारखा परत सरकवायचा. शेवटी नोटरीकडे प्रतिज्ञापत्र केलं, की गुलाब अन् गुलाबराव एकच. बाबांनी त्यावर अंगठ्याजवळ सही केली अन् मला विचारलं, "इतले दिवस मी कोन होतो मंग?"

अन् आता मचाणावर बसून तोच मी, बाहेरच्या माणसाच्या दोन कागदांवर दोन नावं दिसली की ती बोटानं दाबून दाखवतो: जुळत नाही. पहिल्यांदा ते केलं तेव्हा हात थांबला. गेममध्ये अशा वेळी बोटांचे ठसे घेता येतात. ठसे आले की यंत्र चिठ्ठी देतं, त्यावर त्या माणसाची दुसरी नावं असतात. नाव जुळलं तर माणूस तोच. पाच सेकंदांत. मला त्या चिठ्ठीचा हेवा वाटला, खरंच. अंगठा तर बाबांचाही घेतला होता, सातही वेळा.

सुरुवातीच्याच दिवसांत एक नवरा येतो, कागद बरोबर. जाताना म्हणतो, माझ्या बायकोशी चांगलं वागा, ती मागेच आहे. बायको येते, तिच्याकडे प्रवेशाचा परवाना नाही. मी सोडलं. लगेच माझी चूक दाखवणारी चिठ्ठी आली. पण दिवसातल्या पहिल्या दोन चुकांना फक्त ताकीद असते, दंड तिसऱ्यापासून. अन् इथं या गेमनं माझ्याशी जे केलं ते मला अजून पचलेलं नाही. चार-पाच दिवसांत मी हिशेब करायला लागलो होतो की आज दोन जणांना सोडता येईल. सकाळी कोणी रडत आलं तर मनात यायचं, आत्ताच नको, संध्याकाळी याहून मोठं कारण घेऊन कोणी आलं तर? दया होती, पण ती दोनच नगांची होती, अन् मी ती जपून वापरत होतो. एका म्हाताऱ्या बाईला मी परत पाठवलं, अन् त्या दिवशी पुढे कोणीच तसं आलं नाही. दोन्ही ताकिदी तशाच शिल्लक राहिल्या.

ती बाई फेरीत सोबत आली. नाल्याच्या कोपऱ्यावर झटका मशीनची टिकटिक ऐकत मी बराच वेळ उभा होतो. त्या कार्यालयातल्या माणसाबद्दलचा राग गेला असं म्हणणार नाही. सात फेऱ्यांचा खर्च अन् मजुरी त्यानं भरून दिलेली नाही. पण आता त्याच्या टेबलाची आतली बाजू मला माहीत झाली आहे, अन् राग करताना ती बाजू डोळ्यांपुढे येते. रागाला त्यानं अडचण होते.

जोर्जी सगळ्यांना आवडतो, मलाही. खडूनं रंगवलेला पासपोर्ट घेऊन येतो, तोही नसलेल्या देशाचा, अन् परत पाठवलं तरी हसत जातो. इतक्या थंड गेममध्ये तोच एक शेकोटीसारखा आहे. वीस शेवट आहेत या गेमला. पहिल्या वेळी मी कर्जात गेलो अन् तुरुंगात गेलो. दुसऱ्या वेळी गुप्त संघटनेला नाही म्हटलं, घरचे जगवले, एकतीस दिवस काढले, नोकरी टिकली. म्हणजे मी जिंकलो. बाकीचे अठरा शेवट बघायची माझी इच्छा नाही. ज्यांनी सगळे बघितले त्यांनी सांगावं, त्यात एखादा असा आहे का ज्यात त्या म्हाताऱ्या बाईसारख्यांचं बरं होतं.

शेवटचा धिस वॉर ऑफ माइन, डिसेंबरच्या थंडीत. पोलंडच्या इलेव्हन बिट स्टुडिओजचा, २०१४ चा. १९९२ ते १९९६ या काळात सारायेव्होला जो वेढा पडला होता त्यावरून सुचलेला. तुम्ही सैनिक नाही. पडक्या घरात अडकलेली दोन-तीन साधी माणसं सांभाळायची. पाव्ले फुटबॉल खेळणारा, जोरात पळणारा. ब्रुनो स्वयंपाकी. कातिया पत्रकार, तिला कॉफी लागते. दिवसा बाहेर बंदुका, म्हणून घरात राहायचं, चूल करायची, पाणी गाळायचं. रात्री एकानं बाहेर जाऊन सामान शोधायचं. २०२० मध्ये पोलंड सरकारनं हा गेम शाळेतल्या मुलांच्या वाचनाच्या यादीत घेतला. गेम, वाचनाच्या यादीत. हे ऐकून मला फार बरं वाटलं होतं, खेळल्यावर पटलंही.

रात्र झाली की एक पान येतं. प्रत्येकाच्या नावापुढे काम लावायचं: झोप, पलंगावर झोप, शोधायला जा, नाही तर पहारा. पहारा म्हणजे जागल! मी त्या पानाकडे बघत राहिलो. पहाऱ्याला कोणी ठेवलं नाही तर लुटारू येतात अन् सगळं नेतात. ठेवलं तर तो माणूस दुसऱ्या दिवशी थकलेला असतो, पाय ओढत चालतो. त्याला दिवसा झोपवलं तर दिवसाचं काम बुडतं. जागल करून आलेला माणूस सकाळी वेचणीला उभा राहतो तेव्हा त्याचं काय होतं, हे माहीत असलेला हा मी पाहिलेला पहिला गेम. बाकीच्या गेममध्ये रात्र म्हणजे फक्त निळा रंग असतो.

मी ब्रुनोला सलग चार रात्री पहाऱ्यावर ठेवलं, कारण पाव्ले शोधायला लागायचा अन् कातिया जखमी होती. तो आजारी पडला. औषध नव्हतं. औषध एका ठिकाणी होतं, म्हाताऱ्या नवरा-बायकोच्या घरी. ज्यांनी खेळला त्यांना ते घर माहीत आहे. हत्यार नाही, अडवणूक नाही. म्हातारा मागे मागे येतो अन् नेऊ नका म्हणतो. मी पाव्लेला घेऊन तीन वेळा त्या घराच्या दारातून परत आलो. चौथ्या रात्री नेलं. खाणं नेलं नाही, औषधच नेलं, अन् या फरकाला मी बराच धरून होतो. सकाळी पाव्ले खांदे पाडून बसला. बाकीचे त्याच्याशी बोलतात, समजावतात, अन् त्याला ते लागत नाही. ब्रुनो तरीही वाचला नाही. त्रेचाळीस दिवसांनी युद्धबंदी झाली. शेवटी उरलेल्या दोघांचं पुढे काय झालं ते थोड्या ओळींत येतं, अन् संपतं.

त्या रात्री फेरीला निघालो तेव्हा तीन वाजले असतील. दव इतकं होतं की पायजमा गुडघ्यापर्यंत ओला. म्हातारा मागे होता, मी वळून बघितलं नाही. नाल्यापलीकडच्या वावरात शेजारच्या सालदाराची शेकोटी दिसत होती. एरवी आम्ही एकमेकांना बॅटरी दाखवतो अन् आपापल्या मचाणावर जातो. त्या रात्री मी नाला ओलांडून त्याच्याकडे गेलो. त्यानं ज्वारीची भाकर निखाऱ्यावर गरम केली, लाल ठेचा होता. बोललो काय, तर त्याच्या मालकाच्या हरभऱ्याला घाटे किती लागले ते. गेमचं काही सांगितलं नाही, सांगता आलंच नसतं. परत येईस्तोवर तांबडं फुटायला आलं होतं अन् डुकरं येऊन गेली नव्हती.

तर असं आहे. तूर कापून झाली, आता हरभऱ्याच्या वीस-बावीस रात्री राहिल्या आहेत. तुमच्याकडून एक नाव हवं आहे. फोनवर चालणारा, नेट न लागणारा, आवाज बंद ठेवला तरी खेळता येणारा, मध्येच ठेवता येणारा. जाहिराती नकोत, एकदा पैसे भरून मोकळं झालेलं बरं. अन् शक्यतो त्यात कोणी म्हातारं माणूस दारात उभं नसावं, निदान या महिन्यात.